व्यायामाचा एक तास आणि उरलेले तेवीस

*‘माझी आई ७६ वर्षांची आहे. बारा दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि खुब्याजवळचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं असं डॉक्टर म्हणतात. येत्या चार दिवसांत डिस्चार्ज देणार आहेत आणि ‘पुढच्या रिहॅबची सोय बघून ठेवा’ एवढंच सांगितलंय. भाऊ दूर असतो. त्याचं म्हणणं, चांगल्या नर्सिंग केअर सेंटरमध्ये ठेवू, पैशाचं मी बघतो. मी दोन जागा पाहून आले. एक नवी, चकचकीत, व्यायामाच्या यंत्रांनी भरलेली. दुसरी जुन्या इमारतीत, अगदी साधी. पण तिथल्या बाईंनी आईबद्दल इतके प्रश्न विचारले की मला अर्ध्यांची उत्तरंही देता आली नाहीत. आई म्हणते, मला घरी ने. घरी मी आणि माझा नवरा, दोघंही नोकरी करतो. त्यात ऑपरेशनपासून ती रात्री बरळते, कधी मला ओळखतही नाही. सकाळी मात्र पुष्कळशी ताळ्यावर असते. शेजारच्या खाटेजवळचे एक गृहस्थ म्हणाले, ‘आता या अशाच राहणार.’ शुश्रूषा आणि रिहॅब यांत नेमका फरक काय? निवड कशी करायची? आणि आईला कुठे ठेवणं म्हणजे तिला टाकणं आहे का?’*

*— एक मुलगी*

ताई, तुमच्या पत्रातली आईच्या रात्रीच्या बरळण्याची गोष्ट मी आधी घेते, कारण ती उद्यावर टाकण्यासारखी नाही.

रात्री बरळणं, माणूस न ओळखणं आणि सकाळी बरं असणं, हे ऑपरेशननंतर अचानक सुरू झालंय. आधी असं काही नव्हतं ना? मग याला डिलिरियम म्हणतात. हा स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. डिलिरियम एका रात्रीत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतो. वयस्कर माणसांत खुब्याच्या ऑपरेशननंतर तो फार वेळा दिसतो आणि त्यामागे बहुतेक वेळा शोधून काढता येईल असं कारण असतं. न शमलेलं दुखणं, लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, अडकलेली लघवी, चार दिवस न झालेली शौच, कमी पडलेलं पाणी, नव्याने सुरू झालेली झोपेची किंवा वेदनेची गोळी. आज राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना थेट सांगा: ‘हे ऑपरेशननंतर सुरू झालंय, कारण शोधा.’ आईचा चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर ते घरून आणून तिच्या अंगावर ठेवा, पिशवीत नको. दिवसा पडदे उघडे, समोर घड्याळ, रात्री अंधार आणि जवळ ओळखीचं माणूस. डिलिरियम काही दिवसांत उतरतो, कधी काही आठवडे रेंगाळतो. एखाद्या केंद्राने ‘पेशंट गोंधळलेल्या असतात, व्यायाम जमणार नाही’ असं म्हणून नुसत्या शुश्रूषेच्या विभागात खाट दिली, तर ते मान्य करू नका. या अवस्थेतल्या आजीही रोज उठवून, बोलतं ठेवून, उभं करून सुधारतात. उलट पडून राहिल्या तर गोंधळ वाढतो. शेजारच्या गृहस्थांचं भाकीत तिथेच सोडून द्या.

आता फरक. शुश्रूषा म्हणजे माणसाला जे स्वतः करता येत नाही ते त्याच्यासाठी नीट, वेळेवर, सुरक्षितपणे करणं. जखमेचं ड्रेसिंग, औषधं, इंजेक्शनं, लघवीच्या नळीची (कॅथेटरची) काळजी, अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. पुनर्वसन किंवा रिहॅब म्हणजे ते पुन्हा स्वतः करता यावं म्हणून ठरवून मेहनत घेणं. तिथे ध्येय असतं, मुदत असते, दर आठवड्याला मोजमाप असतं, आणि घरी जायची तारीख सगळ्यांच्या डोक्यात असते. तिसरा प्रकार कायमच्या निवासाचा. स्वतःचं करणं आता फारसं परत येणार नाही, पण दिवस मानाने आणि सुखाने जावेत, यासाठी. पाटीवर हे तिन्ही शब्द एका ओळीत लिहिलेले असतात आणि आत प्रत्यक्षात एकच चालतं, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. तुमच्या आईला सध्या पहिल्या दोन्हींची एकत्र गरज आहे. तिसऱ्याची आहे की नाही हे आज कुणालाच ठरवता येणार नाही, आणि ठरवूही नये.

भावाच्या मनात बहुधा असं आहे की आईला आता आराम मिळावा. प्रेमापोटीच म्हणतोय तो. पण अंथरुण म्हातारपणी फार महाग पडतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात धडधाकट वयस्कर माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस उतरलं. ही माणसं आजारी नव्हती, कुणाचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. तुमच्या आईचे तर बारा दिवस गेलेत. म्हणूनच खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी पलंगावरून उतरवतात. ही समजही फार जुनी नाही. १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या मार्जरी वॉरेन या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं खाटेवर पडलेल्या शेकडो वृद्धांचे वॉर्ड आले. ‘यांचं काही होणार नाही’ असं त्यांच्याबद्दल ठरून गेलं होतं. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासलं, उठवलं, चालवलं, आणि त्यातले कितीतरी जण घरी गेले. वार्धक्यातल्या पुनर्वसनाची सुरुवात तिथून मानतात. मी फिजिओथेरपीच्या कामात आले तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली होती, आणि आजही एखाद्या नातेवाइकाच्या तोंडून ‘आता काय व्हायचंय’ ऐकलं की मला ते वॉर्ड आठवतात.

जागा बघण्याआधी एक काम करा. हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपिस्टना आईचा बार्थेल स्कोअर विचारा. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे साधं मोजमाप आहे. खाणं, आंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत येणं, चालणं, जिना. या दहा गोष्टींना मिळून शून्य ते १०० गुण. पडण्याच्या आदल्या दिवशी आई यातलं काय काय स्वतः करत होती आणि आज काय करते, हे दोन्ही लिहून काढा. त्याच्याखाली तुमच्या घराची हकिकत लिहा: दारापर्यंत किती पायऱ्या, कठडा कुठल्या बाजूला, पलंगापासून संडास किती पावलं, रात्री तिला किती वेळा उठावं लागतं. त्या साध्या इमारतीतल्या बाई हेच विचारत होत्या. तुम्हाला अर्धी उत्तरं आली नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पण ते प्रश्न विचारले गेले याची नोंद मनात पक्की ठेवा. चकचकीत केंद्रात कुणी विचारलं होतं का, की आई घरी कुठल्या पलंगावर झोपते?

आता माझा अनुभव सांगते. माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा जागा मी निवडली. फिजिओथेरपी हा माझा पेशा, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी माझ्यावर सोपवलं. मी व्यायामाचा हॉल पाहिला. समांतर दांडे होते, उत्तम यंत्रं होती, थेरपिस्ट मुलगी हुशार होती. तिचा रोजचा एक तास खरोखर चांगला व्हायचा. मी दुपारी तो तास बघायला जायचे आणि समाधानाने परतायचे. एका रविवारी संध्याकाळी अचानक गेले, तर सासरे चाकाच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसलेले होते. जेवणानंतर तसंच बसवून ठेवलं होतं. पाण्याचा ग्लास टेबलावर होता, त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला. त्यांना संडासला जायचं होतं, पण घंटीची वायर पलंगाच्या मागे पडलेली. मी त्यांचा मोजा काढला. टाचेवर नाण्याएवढा काळपट डाग होता, कडांना कातडी सुटत आलेली. तो चट्टा भरायला पुढे चार महिने लागले आणि ते चार महिने त्यांना धड उभं राहता आलं नाही. हुशार थेरपिस्टने एका तासात कमावलेलं, उरलेल्या तेवीस तासांनी घालवलं होतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: जागा निवडताना त्या तेवीस तासांकडे बघा.

ते कसं बघायचं? ठरवून दिलेल्या वेळी जाऊ नका. संध्याकाळी जेवणाच्या सुमारास जा, किंवा रविवारी. ऑफिसात बसू नका, आत जाऊन दहा मिनिटं एका जागी उभ्या राहा. घंटी प्रत्येकाच्या हाताशी आहे का? वाजल्यावर किती वेळाने कुणी येतं? पाणी हात पोचेल अशा बाजूला आहे का? दुपारी चार वाजता माणसं दिवसाच्या कपड्यांत, खुर्चीत बसलेली आहेत की रात्रीच्या गाऊनमध्ये पलंगावर? चष्मे डोळ्यांवर आहेत की उशाशी? जेवण समोर ठेवून ताट तसंच उचललं जातंय, की कुणीतरी बाजूला बसून ‘अजून दोन घास’ म्हणतंय? हातपाय पलंगाला बांधलेलं कुणी दिसलं, किंवा भर दुपारी सगळा वॉर्डच गाढ झोपलेला दिसला, तर पुढचं काही विचारायला थांबू नका.

आणि एक दृश्य मुद्दाम शोधा: मदतनीस एखाद्या आजोबांना खुर्चीतून कसं उठवते. घाईतली मदतनीस काखेत हात घालते, ‘चला’ म्हणते आणि उचलते. तीन सेकंदांत काम होतं. खांदा दुखतो तो वेगळाच, आणि आजोबांच्या पायांनी काहीच केलेलं नसतं. दुसरी मदतनीस समोर वाकून सांगते, ‘खुर्चीच्या कडेला सरका. पाय गुडघ्याच्या जरा मागे घ्या. हात खुर्चीच्या हातांवर, वॉकरला धरून ओढायचं नाही. आता नाक पुढे, पायाच्या बोटांवर आणा.’ आणि थांबते. आजोबा एकदा अर्धवट उठून बसतात. ती थांबलेलीच असते, हात त्यांच्या कमरेशी, पण उचलत नाही. दुसऱ्या खेपेला ते उभे राहतात. याला लागतो दीड मिनिट. दिवसातून दहा वेळा उठणं झालं तर दहा वेळा व्यायाम झाला, कुठलंही यंत्र न लागता. ज्या ठिकाणी मदतनिसांना हे दीड मिनिट दिलं जातं, ती जागा पुनर्वसनाची. तिथला हॉल छोटा असला तरी चालेल.

प्रश्न विचारायचेच असतील तर थोडे आणि टोकदार विचारा. रात्री दोन वाजता या मजल्यावर किती माणसं असतात, आणि त्यात शिकलेली नर्स किती? डॉक्टर किती दिवसांनी बघतात? ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत का? (आंघोळ, कपडे, संडास या रोजच्या गोष्टी परत शिकवण्याचं कौशल्य त्यांचं.) मागच्या वेळी इथे कुणी पडलं तेव्हा तुम्ही काय केलं? या शेवटच्या प्रश्नावर ‘आमच्याकडे कुणी पडत नाही’ असं उत्तर आलं, तर सावध व्हा. माणसं चालायला शिकतात तिथे कधीतरी पडतातच. कुणीच पडत नसेल तर कदाचित कुणाला चालवलंच जात नसेल. पडल्यावर काय तपासलं, घरच्यांना कधी कळवलं, पुढे काय बदललं, हे सांगणारी जागा मला जास्त भरवशाची वाटते.

पैशाचं थोडक्यात: रोजच्या दरात काय येतं ते लेखी घ्या. थेरपी, ड्रेसिंगचं सामान, डायपर, रात्रीची वेगळी मदतनीस, डॉक्टरांची भेट, यांपैकी काय वर लागतं, आणि आई लवकर घरी आली तर आगाऊ भरलेल्याचं काय.

आईच्या ‘मला घरी ने’बद्दल. हा हट्ट आहे असं धरून चालू नका, ती तिची मागणी आहे, आणि त्याकडे जाण्याचा रस्ता आखणं हेच तर पुनर्वसन. सरळ घरी नेणं अशक्य नाही. पण त्याला सुरुवातीचे काही आठवडे दिवसरात्र एक माणूस लागतं, थेरपिस्ट नियमित घरी यावे लागतात, संडासात धरायला पक्का दांडा आणि कमोडला उंच बैठक हवी, पलंग तिच्या गुडघ्याइतका उंच हवा, चालण्याच्या वाटेवरच्या सतरंज्या आणि वायरी उचलायला हव्यात. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर आणि रात्री तिचा गोंधळ, या परिस्थितीत आज लगेच घर मला धोक्याचं वाटतं. माझं मत विचाराल तर काही आठवड्यांसाठी त्या साध्या इमारतीत ठेवा, संध्याकाळी एकदा अचानक जाऊन खात्री केल्यावर. जाताना आईशी सकाळी, ती ताळ्यावर असताना बोला. ‘तुला इथे ठेवतोय’ म्हणू नका. ‘पलंगावरून उठून संडासला एकटी जाता आलं की घरी’ असं सांगा. खुणेचा दगड दिसला की माणूस चालायला तयार होतं. भावाला पैशाबरोबर एक काम द्या: दर आठवड्याच्या आढाव्याला फोनवर हजर राहायचं आणि स्कोअर लिहून ठेवायचा.

डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका. ऑपरेशन कुठलं झालं, सांधा बदलला की हाड जोडलं, आणि त्या पायावर किती भार द्यायचा, हे कागदावर हवं. सांधा बदलला असेल तर किती वाकायचं, पाय आत वळवायचा की नाही, पायावर पाय टाकायचा की नाही, याचे नियम शस्त्रक्रियेच्या पद्धतीप्रमाणे वेगळे असतात, तेही लिहून घ्या. औषधांची जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून एकेक ओळ विचारा. रक्त पातळ ठेवणारं औषध कधीपर्यंत? टाके कधी? आणि हा प्रश्न हमखास राहून जातो म्हणून अधोरेखित करून सांगते: साध्या पडण्याने या वयात खुबा मोडला, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असणार. त्यावर वेगळा उपचार असतो, नाहीतर दुसरं हाड मोडायची भीती राहते. तो कोण आणि कधी सुरू करणार? पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर वाट न बघता हॉस्पिटल. हे केंद्रातल्या लोकांनाही ठाऊक आहे ना, एवढं विचारून घ्या.

टाचा मात्र तुम्ही स्वतः बघत जा. रोज, मोजे काढून. पोटरीखाली उशी घालून टाच गादीपासून अधांतरी ठेवायला सांगा. लालसर जागा दिसली तर बोटाने दाबा. बोट काढल्यावरही ती क्षणभर फिकी झाली नाही, तर त्याच दिवशी नर्सला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते पाहा. कमरेच्या खालच्या हाडाशीही तसंच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. टाकलेल्या माणसाच्या टाचा कुणी रोज बघत नाही, ताई. मी इतकी वर्षं पाहतेय: ज्यांच्या घरचं कुणीतरी वेळी-अवेळी येतं, नावाने चौकशी करतं, मदतनिसांशी दोन शब्द बोलतं, त्या माणसाकडे सगळ्यांचं जरा जास्त लक्ष असतं. तसं असू नये, पण असतं. तुम्ही घरी दमून, रात्र-रात्र जागून, चिडून तिचं करत असता त्यापेक्षा संध्याकाळी तासभर शांतपणे तिच्याजवळ बसून तिला स्वतःच्या हाताने केस विंचरू दिलेत, तर तुम्ही तिची मुलगीच राहता आणि तिचा तो व्यायामही होतो. सुधारणा मात्र सरळ चढत नाही. चालण्यातला मोठा फरक पहिल्या काही महिन्यांत पडतो, पुढेही वर्षभर थोडं थोडं जमत जातं, आणि मधे दोन दिवस असे येतात की काहीच होत नाही. कदाचित ती पूर्वीसारखी विनाकाठी चालणार नाही, याचीही मनाशी तयारी असू द्या.

उद्या तिला भेटाल तेव्हा एक विचारा: घरी ती पलंगाच्या कुठल्या बाजूने उतरते, डाव्या की उजव्या? ते उत्तर घेऊन त्या बाईंकडे जा. खाट तशीच लावायला सांगा, म्हणजे पहिल्या दिवसापासून सराव त्याच बाजूने होईल.